हरणासाठी टणक टोकाची गोळी

जो बोलत नाही त्याच्याकडे किस्से आपोआप साठतात. शुक्रवारी दुपारी आखातातल्या फिंतास गावी आमच्या घरी अब्बांचे मित्र जमतात. मी चहा नेऊन देते आणि दाराशी बसते. थोड्या वेळाने मी तिथे आहे हे सगळे विसरतात.

यंदाच्या थंडीत विषय एकच होता, हरणाला गोळी कुठली घालावी. शेजारच्या जुबेदाचाचीला पाचवा महिना होता आणि तिला हरणाच्या मटणाचे डोहाळे लागले होते. तिचे यजमान युसुफचाचा तेल कंपनीतल्या एका इंग्रज साहेबांचे ड्रायव्हर. साहेब वाळवंटात शिकारीला जात आणि चाचा गाडी चालवत.

*

अब्बांनी रत्नागिरीकडे असताना एक भेकर मारलं होतं, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "साहेबांना सांग, छर्रे वापरा."

"इथे झाड नाही की झुडूप नाही," चाचा म्हणाले. "हरण मैलभर लांबून आपल्याला बघतं. छर्रे पोचणार कसे?"

अब्बांनी शांतपणे चहा संपवला. "मग जवळ जायचं."

*

साहेबांच्या गोळ्या त्यांच्या मुलखातल्या थोराड हरणांसाठी होत्या, मऊ टोकाच्या. अशी गोळी आत शिरली की फुलते. इकडचं हरण शेळीएवढं. पहिली शिकार पाहून आल्यावर चाचा म्हणाले, "पुढून बघितलं तर हरण. मागून बघितलं तर खिडकी."

आणि ते जागीच मेलेलं. आमच्यात जनावर जिवंत असताना 'बिस्मिल्ला' म्हणून सुरी फिरवली तरच ते खाता येतं. साहेबांनी एक अख्खी तंगडी प्रेमाने देऊ केली होती. चाचा हात जोडून परत आले.

त्या दिवशी चाची जेवलीच नाही.

*

अम्मीने एक युक्ती केली. बाजारातून बोकडाचं म्हणून मटण आणलं, भरपूर मिरी घातली आणि "हरणाचं आहे" म्हणून वाटी पाठवली. वाटी मीच नेली.

चाचीने नुसता वास घेतला. "तुझ्या अम्मीला सांग, हरण राहू दे. हा तर बोकडपण नाय, मेंढी हाय."

*

शेवटी चाचांनी धीर करून साहेबांकडे विषय काढला. तो प्रसंग त्यांनी आमच्याकडे इतक्यांदा सांगितला की मला पाठ आहे.

"साहेब, मला हरण जिवंत हवंय. बायकोला खायचंय."

"तुझी बायको जिवंत हरण खाणार?"

मग चाचांनी सुरीचं समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, "मी एका गोळीत मारतो, युसुफ, कारण जनावर तडफडलेलं मला बघवत नाही."

"मलाही नाही बघवत, साहेब. म्हणून तर मी पळत जाईन."

साहेबांनी दुसरा डबा उघडला. त्यात टणक टोकाच्या गोळ्या होत्या. त्या फुलत नाहीत, बारीक भोक पाडून आरपार जातात.

हे ऐकून अब्बांनी चाचांच्या पोटाकडे पाहिलं. "शेवटचा कधी पळाला होतास?"

"मुंबईला. बोट सुटत होती तेव्हा."

"मिळाली होती?"

"दुसऱ्या दिवशीची."

*

त्या शुक्रवारी चाची हट्टाने बरोबर निघाली, म्हणून तिच्या सोबतीला मी आणि अब्बा. स्टोव्ह, पातेली आणि तांदूळ घेऊन आम्ही अब्बांच्या गाडीपाशी थांबलो. साहेब आणि चाचा बरेच पुढे होते. वारा आमच्याकडे येत होता, त्यामुळे आवाज स्पष्ट ऐकू येत होते.

गोळी सुटली. हरण कोसळलं, उठलं, पुन्हा कोसळलं. चाचा सुरी घेऊन धावले, पण वाळूत पाय रुतत होते. हरण पाय झाडत होतं. साहेबांनी बंदूक पुन्हा खांद्याला लावली. चाचीने माझा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले.

साहेबांनी बंदूक खाली ठेवली आणि तेही धावत सुटले. लांब टांगांनी चाचांना मागे टाकून ते आधी पोचले, गुडघ्यांवर बसले, हरणाचं डोकं धरलं आणि आपल्या टोपीने त्याचे डोळे झाकले. चाचा पोचले. सुरी तयार होती, पण इतकी धाप लागलेली की तोंडातून शब्द निघेना.

"बोलो, युसुफ," साहेब ओरडले. "जल्दी बोलो."

चाचांचे नुसतेच ओठ हलले. तेव्हा साहेबच म्हणाले, "बिस्मिल्ला." चाचांनी मान हलवली, त्यांच्यामागून तो शब्द म्हटला आणि सुरी फिरवली.

"झाला?" चाचीने डोळे मिटूनच विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"बिस्मिल्ला कोण बोलला?"

"दोघंही."

तिने डोळे उघडले आणि लांबवर वाळूत बसलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. "मग स्टोव्ह पेटव," ती म्हणाली. "साहेबांचापण भात घाल."