पाण्याखाली राहिलेला धान

मंडळी, तीन दिवसांनी आज पोटभर जेवले, म्हणून लिहितेय.

माझा पीएचडीचा प्रयोग आरमोरीजवळच्या दोन बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांमध्ये, आहे. दरवर्षी सगळ्यात उंच धानाचं बी एका बांधीत लावायचं, सगळ्यात बुटक्याचं दुसरीत, आणि पिढीगणिक फरक वाढतो का ते बघायचं.

आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले, तर तिसऱ्या पिढीत उंच धान एकदम बुटका! रकाने तपासले, दशांश चिन्हं तपासली, लॅपटॉपला शिव्या घातल्या. गाईड म्हणाले, "ते वर्षच काढून टाक." मग प्रबंधात उरणार काय?

आज शेवटी रोपं मोजणाऱ्या कुसुमबाईंच्या घरी त्यांचीच मोजणीची वही घेऊन गेले. त्या हसल्याच. "त्या साली उंच धानाच्या बांधीत पाणी होतं ना मॅडम! पट्टी पाण्यावर टेकवून मोजलं. पाणी किती, ते कोपऱ्यात लिवलं नाई का?"

खरंच, त्या वर्षीच्या उंच धानाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चार-पाच उभ्या रेघा होत्या. पेन चालतो का बघायला ओढल्या असतील, असं समजून मी त्या सोडून दिल्या होत्या. एक रेघ म्हणजे एक बोट पाणी!

तिथंच त्यांच्या बोटांची रुंदी पट्टीवर मोजली, पाण्याचा वेगळा रकाना केला, उंचीत मिळवला. हिशेब अंदाजाचा आहे, तसं प्रबंधात लिहीनच. पण उंच धान पुन्हा उंच झाला!

निघताना कुसुमबाई म्हणाल्या, "तीन दिवस त्या मशीनले इचारून राह्यल्या, मले काऊन नाई इचारलं?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?