बेदाणा नेमका ठेवलाय कुठे?

पहिल्या घरात बेदाणा नव्हता. दुसऱ्या घरातही नाही. तिसऱ्या घरी पोहोचेपर्यंत सुभेदार घार्गेंची एजन्सी रद्द करण्याचं पत्र मी मनातल्या मनात लिहून टाकलं होतं.

मी साताऱ्यात एका विमा कंपनीत रिस्क इन्स्पेक्शन बघायचे. म्हणजे ज्या मालाचा विमा आपण उतरवलाय तो खरंच आहे का, आणि आहे तिथे त्याला धोका किती, हे जाऊन पाहायचं. घरचे मला संशयी म्हणतात. ऑफिस त्याच स्वभावाचा पगार देत होतं.

घार्गे फौजेतून निवृत्त होऊन एजंट झालेले. औंधच्या आसपासच्या अकरा गावांतल्या द्राक्षबागायतदारांच्या बेदाण्याचा आगीचा विमा त्यांनी उतरवला होता. त्रेसष्ट पॉलिस्या, आणि तीन वर्षांत एकही क्लेम नाही. आमचे मॅनेजर बेहद्द खूश. धोका अकरा गावांत विखुरलेला, त्यामुळे एका वेळी फार तर एखादं घर पेटेल, असं त्यांचं म्हणणं. त्या भरवशावर हेड ऑफिसनं प्रीमियम लांब मुदतीच्या रोख्यांत अडकवला होता आणि रिइन्शुरन्सही घेतला नव्हता. रिइन्शुरन्स म्हणजे विमा कंपनीनं स्वतःसाठी काढलेला विमा. मला मात्र तीन वर्षांचं कोरं क्लेम रजिस्टर खटकत होतं. माणसं इतकी नशीबवान नसतात.

तिसऱ्या घरी एक मावशी भाजी निवडत होत्या. पॉलिसीतला बेदाणा दाखवा म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"हितं कशाला ठेवायचा? काळा पडतुय. समदा कुपवाडला हाय की, कोल्ड स्टोअरेजला."

आधीच्या दोन्ही घरांत हेच उत्तर मिळालं होतं. पढवून ठेवल्यासारखं. कमिशनसाठी नसलेल्या मालाच्या पॉलिस्या केल्यात, याची मला खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी मी आधी न कळवता सुभेदारांना गाडीत घातलं आणि कुपवाड गाठलं. वाटेत फोन करायची संधी त्यांना मिळू दिली नाही. ते इस्त्रीच्या शर्टात ताठ बसून होते, फारसं बोलले नाहीत. तेही मी त्यांच्याविरुद्धच धरलं.

स्टोअरेजचे मालक मगदूम अण्णा यांनी रजिस्टर पुढे ठेवलं. मी मनाला येईल ते नाव सांगायचे, हमाल तो बॉक्स काढून दाखवायचे. प्रत्येकावर नाव, गाव, पावती नंबर. तळाचे बॉक्सही फोडायला लावले. सगळीकडे बेदाणा. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. हिरमोड झाला.

अण्णांचा स्वेटर अंगावर घेऊन थंडीत उभी होते, तेव्हा लक्षात आलं. अकराच्या अकरा गावं एकाच हॉलमध्ये रचलेली होती. भिंतींच्या आत थंडी टिकवायचा फोम. तो पेटला की विझता विझत नाही. एक शॉर्टसर्किट, की त्रेसष्ट क्लेम एकाच दिवशी. मग हेड ऑफिसला ते रोखे येईल त्या भावाला विकावे लागले असते.

त्याहून वाईट गोष्ट पॉलिसीत होती. आगीचा विमा लिहिलेल्या जागेतल्या मालालाच लागू होतो. आणि लिहिले होते घरचे पत्ते.

"सुभेदार, माल कुठे आहे ते लिहायचं होतं. तुम्ही गावचा पत्ता का टाकला?"

"मॅडम, फौजेत गडी लडाखला असू दे न्हाईतर आसामला, कागदावर गावचाच पत्ता असतुय. मी तसंच भरलं." मग म्हणाले, "हे जळलं असतं तर लोकांस्नी काय मिळालं असतं?"

"काही नाही."

ते तिथेच एका बॉक्सवर टेकले. "माझ्या शब्दावर काढलाय समद्यांनी," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

साताऱ्याला परतल्यावर मॅनेजर म्हणाले, दुरुस्ती नूतनीकरणाच्या वेळी करू. आत्ता पत्ते बदलले तर सगळा धोका एका छपराखाली दिसेल, वरून प्रश्न येतील. मी ऐकलं नाही. रिपोर्ट थेट वर पाठवला. महिन्याभरात त्रेसष्ट एन्डॉर्समेंट निघाल्या, म्हणजे पॉलिसीला जोडायचे दुरुस्तीचे कागद. रिइन्शुरन्सही घेतला गेला. सुभेदार प्रत्येक घरी स्वतः कागद घेऊन गेले आणि चूक आपलीच होती, असं सांगून आले. मॅनेजरनी आपली चूक कोणालाच सांगितली नाही. माझ्याशी बोलणं मात्र बंद केलं.

फाइल बंद करताना मी मूळ फॉर्म चाळले. प्रत्येकाच्या तळाला ऑफिसात कोणीतरी 'तपासले' म्हणून सही करतं. द्राक्षवाला बेदाणा घरात का ठेवेल, हे तेव्हा एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्रेसष्टपैकी सतरा सह्या माझ्या होत्या.