बंदरु

बेंगळुरूला समुद्र नाही, तरी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी कारखान्यांचं पोट चेन्नई बंदरावर चालतं. आमचे पंपही तिथूनच परदेशी जायचे. लाकडी खोक्यांवर बंदराचं नाव रंगवायला एक म्हातारे गृहस्थ होते. राजाजीनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. मी त्यांना अण्णाच म्हणायचो. खोकं ट्रकवर चढताना ते त्यावर हात थोपटून म्हणायचे, “जाऊन ये हं.” गेलेलं खोकं कधी परत येतं का? पण असं म्हटल्याशिवाय त्यांचा हात त्यावरून निघायचा नाही.

मी मुंबईहून नवाच आलो होतो. एकदा वॉचमनने गेटवरून फोन केला, “चेन्नैयवरु बंदरु.” मला दोनच शब्द कळले, चेन्नई आणि बंदर. माल पोचला, असं मी गिऱ्हाइकाला कळवूनही टाकलं. खोकी अजून आवारातच होती. ती न्यायला चेन्नईची माणसं आली होती! साहेबांनी मला फाडून खाल्लं. अण्णा ब्रश पुसत म्हणाले, “कन्नडात बंदरु म्हंजे बंदर, आणि बंदरु म्हंजे ‘आले’सुद्धा. स्वल्प नीट ऐकून घ्या की हो.”

मी नोकरी सोडली त्या दिवशी त्यांनी माझा खांदा थोपटला. “जाऊन या हं.”

नवी नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीत. तिथून पुन्हा तिकडे जायला मला चार वर्षं लागली. परवा गेलो. वॉचमनने मला ओळखलं आणि सर आल्याची आत हाक दिली, “सार बंदरु!”

खोक्यांच्या रांगेमागून डोकावत अण्णा म्हणाले, “कुठलं? मुंबई बंदर का?”