सावनदुर्गाचं प्रस्थान

चामराजपेटेतल्या माझ्या सासरी निसर्ग पाहायचा असला, की आधी पंचांग पाहावं लागतं. मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. सहल म्हणजे डबा भरायचा, पाणी घ्यायचं आणि गाडी पकडायची, असा माझा साधा समज. पण आमच्या घरातली माणसं तीनशेहून जास्त वर्षं बेंगळुरात आहेत. इतकी वर्षं एका गावात काढल्यावर उंबऱ्याबाहेर पाय टाकणं ही गंभीर बाब होत असावी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझी नणंद एका हायस्कुलात गणित शिकवत होती आणि तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. बेळगावकडची माणसं, पण बरीच वर्षं इथे बेंगळुरातच, विजयनगर भागात राहणारी. मुलगा इंजिनियर, दिसायला नीटस, आवाज मऊ. आवाज मऊ हे त्याच्या आईने सांगितलं म्हणून कळलं, कारण पाहण्याच्या कार्यक्रमात तो ऐकू आला नाही. केसरीभात खाऊन झाल्यावर नणंदेने त्याला सरळ विचारलं, "लग्नानंतर मी शाळेत शिकवलेलं तुम्हाला चालेल ना?" त्याने तोंड उघडलं आणि उत्तर त्याच्या आईने दिलं.

"आमचं तसं काय न्हाई बगा. करू दे की. पन घरचं बघून."

ते 'घरचं बघून' नणंदेच्या घशात अडकलं. पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली.

"वहिनी, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. हो म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे. अर्धा तास मिळाला तरी पुरे."

"आईंना सांगून बघ."

"आईला सांगितलं. ती म्हणते, लग्नानंतर सगळं आयुष्य आहे बोलायला."

आमच्या घरात मुलीने मुलाशी एकटीने बोलायचं म्हटलं की सासूबाईंचं डोकं दुखायला लागायचं. पण दोन कुटुंबांनी मिळून देवदर्शनाला जायला कुणाची ना नव्हती. म्हणून मी सहल काढली. डोंगर निवडायचा असा, की म्हातारी माणसं पायथ्याशी बसतील आणि हे दोघं वर जातील. मला कामं आखून करायची सवय आहे. पाठकोऱ्या कागदावर मी सगळं लिहून काढलं: गाडी, पाणी, सतरंजी, औषधं, कुणी कुठे बसायचं, कुणाला कुठे बसवून ठेवायचं.

दोन्ही घरांची बैठक आमच्या हॉलमध्ये झाली. नंदीचा डोंगर सगळ्यांनी पाहिलेला होता, म्हणून तो बाद. दुसरी एक जागा छान होती, पण तिथे देऊळ नव्हतं आणि नुसती झाडं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं सासूबाईंनी विचारलं. मी सावनदुर्ग सुचवलं. मोठाच्या मोठा उघडा कातळ, पायथ्याला नरसिंहाचं देऊळ, भोवती रान, आणि मागडी रस्त्याने गेलं की दीड-दोन तासांत पोचता येतं. सगळे "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले. मी मनातल्या मनात नणंदेला अर्धा तास देऊन टाकला.

तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "आमी बी चढतो की वर. आमाला सवय हाय."

हे ऐकून सासूबाईंनाही चेव आला. "मग मीही येते. मुलांच्या मागे कुणीतरी नको का?"

दोघींचे गुडघे मला ठाऊक होते. पण बैठकीत गुडघ्यांचा विषय कोण काढणार? नणंद चहाचे कप उचलून आत गेली. तिने ते जरा जोरातच खाली ठेवले.

मग पंचांग आलं. रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, म्हणजे त्या दिशेला त्या दिवशी निघायचं नाही. सावनदुर्ग नेमकं पश्चिमेला. मोकळा वार मात्र सगळ्यांना रविवारच. यावर आमच्या घरात जुना उपाय आहे. मुहूर्त सोयीचा नसेल तर आदल्या चांगल्या वेळी आपली एखादी वस्तू प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली की माणूस निघाल्यासारखंच. दुसऱ्या दिवशी ती उचलायची आणि पुढे जायचं. देवाला हा हिशेब चालतो, असं सासूबाईंचं म्हणणं होतं.

शनिवारी संध्याकाळी सासूबाईंनी एक जुनी साडी घडी करून त्यात सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधले. आमच्या पश्चिमेला, दोन घरं सोडून, एक कन्नड अक्का राहायच्या. त्यांच्या देवघरात सासूबाई ते बोचकं ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "झालं. आपला प्रवास सुरू झाला." त्यानंतर आम्ही घरी जेवलो आणि घरीच झोपलो. प्रवासात असूनही झोप छान लागली.

रविवारी सकाळी सातला मॅटाडोर दारात उभी राहिली. पुळियोगरे, बटाट्याची भाजी, कोडबळी, दहीभात, सगळं चढवून झालं. मुलाकडची मंडळी धपाटे, शेंगाची चटणी आणि आणखी एक दहीभात घेऊन आली. आईवडील रिक्षाने आले आणि मुलगा स्कूटरवर. दोन दहीभातांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे गाडीत बसले. माझा नवरा बोचकं आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"अक्कांच्या दाराला कुलूप आहे."

समोरच्या दुकानदाराने सांगितलं, की नातवाला ताप आला म्हणून अक्का पहाटेच इंदिरानगरला मुलीकडे गेल्या.

"राहू दे आई, दुसरं बोचकं बांधू," नवरा म्हणाला.

"दुसरं? एकदा निघालेल्या माणसाने परत घरून निघायचं?" सासूबाई गाडीतून उतरल्या. त्यांच्या पाठोपाठ मुलाची आईही उतरली.

"तसं न्हाई चालत बगा. आमच्याकडं बी न्हाई चालत."

या एका बाबतीत बेळगाव आणि चामराजपेट यांचं क्षणात जमलं. दोघी आमच्या पायरीवर शेजारीशेजारी बसल्या. त्या बोचक्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यातली एकही वस्तू सावनदुर्गावर लागणार नव्हती. आणि ते घेतल्याशिवाय सावनदुर्गाला जाता येणार नव्हतं. नवऱ्याने मॅटाडोरवाल्याला हे कन्नडमध्ये समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, इंजिन बंद केलं आणि तो झोपला.

अक्कांच्या मुलीच्या घरी फोन नव्हता. ते घर आमच्यापैकी फक्त नणंदेने पाहिलं होतं. मॅटाडोरवाला झोपलेला, म्हणून वाहन उरलं ते मुलाची स्कूटर, आणि माझ्या नवऱ्याला स्कूटर येत नव्हती. मी मोठ्याने म्हटलं, "किल्ली आणायला या दोघांनाच जावं लागेल."

दोन्ही आयांनी माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाई म्हणाल्या, "देवाचं काम आहे. जा, पण लवकर या." बोलायला अर्धा तास मागितला तेव्हा दुखणारं डोकं आता बिलकूल दुखलं नाही. स्कूटर कोपऱ्यावरून वळली. माझ्या कागदावर या फेरीसाठी जागाच नव्हती, म्हणून मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सगळ्यांना कॉफी करायला गेले.

दोघं दोन तासांनी आली. नणंदेने किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि मला हाताला धरून आत नेलं.

"विचारलंस?"

"विचारलं. माणूस चांगला आहे, वहिनी. म्हणाला, माझी काही हरकत नाही. तुम्ही खुशाल शिकवा."

"मग झालं तर!"

"मग म्हणाला, फक्त आईला ते तुम्हीच सांगा. मी म्हटलं, आणि तुम्ही? तर म्हणाला, मी तेव्हा जरा बाहेर जाऊन उभा राहीन."

मला हसू आवरेना. "प्रामाणिक आहे गं."

"हो ना. म्हणून तर लगेच कळलं." ती हसली नाही. पदर खोचून ती पायरीवर गेली आणि त्याच्या आईसमोर उभी राहिली. "मावशी, राग मानू नका. मला हे लग्न नाही करायचं. मला शाळा सोडायची नाही, आणि रोज तुमच्याशी त्यावरून भांडायचंही नाही."

मी मुलाकडे पाहिलं. तो बाहेर रस्त्यावर स्कूटरचं चाक दाबून हवा बघत होता.

"का गं? वाटंत काय बोलला काय ह्यो?"

"नाही मावशी. चांगलंच बोलले."

सासूबाईंचा चेहरा उतरला. नवरा घसा खाकरत राहिला. आता या माणसांना काय म्हणायचं, डबे कुणाचे कुणी न्यायचे, रिक्षा बोलवायची की थांबायला सांगायचं, याचा विचार मी करत होते. तेवढ्यात मॅटाडोरवाला जागा झाला आणि त्याने खिडकीतून विचारलं, "अम्मा, होगोणवा?" म्हणजे, जायचं का?

सासूबाईंनी मांडीवरच्या बोचक्याकडे पाहिलं. नवऱ्याने ते नुकतंच आणून दिलं होतं.

"प्रस्थान ठेवलंय," त्या म्हणाल्या. "न जाऊन कसं चालेल?"

"तर काय," मुलाची आई म्हणाली. "अर्ध्यातनं परत फिरायचं न्हाई." मुलाचे वडील सकाळपासून पहिल्यांदा बोलले, "आणि डबं बी हायत की."

अशा रीतीने मोडलेल्या लग्नाची दोन्ही घरं एका गाडीत बसून सहलीला गेली. मुलानेही स्कूटर आमच्या अंगणात लावली. गाडी मागडी रस्त्याला लागली. मग मुलाच्या आईने सुस्कारा टाकला आणि चपला काढून पाय वर घेतले. आता तिला मुलाचं कौतुक करायचं कारण उरलं नव्हतं. तो अजून स्वतःचा टॉवेल वाळत घालत नाही, हे तिने सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी, नणंदेला पोळ्या गोल येत नाहीत, हे कबूल केलं. दोघी इतक्या हसल्या की मॅटाडोरवाल्याने आरशातून पाहिलं. दोन्ही दहीभात एकाच पातेल्यात कालवले गेले.

आता कुणाच्या मागे जायचं कारण नसल्यामुळे दोघींपैकी कुणीही कातळ चढली नाही. नणंद एकटी वर गेली. मी खालून पाहत होते. काळ्या कातळावर तिची पिवळी साडी बराच वेळ दिसत राहिली. मुलगा देवळाच्या ओट्यावर आईची पिशवी सांभाळत बसला होता.

साडेचारला निघायचं असं माझ्या कागदावर होतं. पण रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. हे मीच विसरले होते, सासूबाई विसरल्या नव्हत्या. सहापर्यंत कुणी हलायचं नाही, असं ठरलं. त्यामुळे कातळावरून उन्हं उतरताना आम्हाला बघावी लागली. खालचं रान हळूहळू निळसर झालं आणि वरचा दगड मात्र तांबडा राहिला. इतकी वर्षं आखलेल्या एकाही सहलीत मी हे पाहिलं नव्हतं.

सहा वाजले. मुलगा उठला, पँट झटकली आणि वाकून हळूच म्हणाला, "आई, आता निघूया का?"

नणंद माझ्या शेजारी बसली होती. तिने कोडबळ्यांचा डबा माझ्यापुढे धरला.