सरूमावशीच्या नावानं

मोहगावच्या सरूमावशीकडून संत्र्याची कलमं घ्यायची तर आधी आपल्या वावरातली मूठभर माती न्यावी लागायची. ती माती मावशी तळहातावर घ्यायची, दोन थेंब पाणी टाकायची आणि अंगठ्यानं मळत बसायची. मळता मळता विहिरीला पाणी किती, पावसात वावरात पाणी थांबतं का, आधी काय लावलं होतं, असं सगळं विचारून घ्यायची. मातीची लांब वळी झाली आणि तुटली नाही, की हात झटकून म्हणायची, "चिकण हाय. इथं संत्रा जगत नाही. कापूस लावा." मग समोरचा पाटील असो की साहेब, त्याला रिकाम्या हातानं परतावं लागे.

माझ्या बाबांना तिनं असंच परत पाठवलं होतं. बाबा रागारागात दुसरीकडून कलमं घेऊन आले, पाच पावसाळे ती जपली आणि शेवटी स्वतःच्या हातानं उपटली. त्यानंतर आमच्या घरात मावशीचं नाव निघालं की बाबा बोलणं थांबवून ऐकत.

नर्सरी मुळात तिच्या नवऱ्याची. तो लकव्यानं अंथरुणाला खिळला तेव्हा कलमं बांधणारे गडी सोडून गेले. मावशीनं त्यांचं काम नुसतं पाहिलेलं होतं. तेवढ्यावर ती चाकू घेऊन बसली. जंबेरी लिंबाच्या रोपाला छेद द्यायचा, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं घट्ट बांधायचं. तिच्या डाव्या अंगठ्यावर त्या पहिल्या हिवाळ्यातल्या चिरा शेवटपर्यंत होत्या. डोळा जमिनीपासून वीतभर वरच पाहिजे, असा तिचा हट्ट. "डोळा मातीले लागला का डिंक्या आलाच," ती म्हणायची. डिंक्या म्हणजे खोडातून डिंक गळून झाड वाळतं तो रोग. तो लगेच दिसत नाही. म्हणून तिचं दुसरं म्हणणं असं, की झाड पाच वर्सानं बोलते, तोवर माणसानं आपली तारीफ करू नये.

मी नागपूरला शिकून पांढुर्ण्याला परत आले आणि बसस्टँडजवळ एक खोली घेऊन काम सुरू केलं. लोक फोनवर काय शोधतात ते पाहायचं आणि त्या शोधात आपल्या गिऱ्हाइकाचं दुकान सगळ्यात वर आणायचं, हा माझा धंदा. सुरुवातीला कोणाला कळत नव्हतं. मग कापडवाले आले, कोचिंगवाले आले, मंगल कार्यालयवाले आले. मावशीचं काम मी हौसेनं, आपण होऊन केलं. तिच्या नर्सरीचे फोटो काढले, नकाशावर तिचं ठिकाण टाकलं, नंबर दिला.

आठ दिवसांत तिचा फोन वाजायचा थांबेना. कोणी भोपाळहून विचारी, कोणी आणखी लांबून, आणि पहिला प्रश्न एकच, रेट काय. मावशी उलट विचारायची, माती आणली का. मग नकाशावरच्या तिच्या पानावर लोक लिहू लागले. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं, की ही बाई माती मागते, झाडं देत नाही, वेळ वाया जातो, आणि पाचातला एक तारा. ती डोळा बांधत होती. पट्टीची गाठ मारून झाल्यावर तिनं विचारलं, "हे किती दिवस राहते तेथं?" मी म्हटलं, कायमचं. "मंग नंबर काढून टाक, पोरी. ज्याले यायचं तो विचारत विचारत येते."

मी नंबर काढला, पण लोक शोधायचे थांबले नाहीत. संत्र्याच्या कलमांसाठी आमच्या भागात सगळ्यात जास्त शोधलं जाणारं नाव तिचंच होतं. मला ते रोज दिसत होतं.

त्याच सुमारास नागपूर रोडवर एक नवी नर्सरी उघडली आणि तिचा मालक माझ्याकडे आला. बोलायला गोड, कपडे स्वच्छ, कामाची घाई. लोक काय शोधून राहिले, असं त्यानं विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाला, "जो तिचं नाव शोधन, त्याले आपलं दाखवता येते का?"

येत होतं. नियमात बसत होतं. मोठ्या शहरांत हे रोज चालतं, दुसऱ्याचं नाव शोधलं की आपली जाहिरात दिसावी म्हणून पैशांची बोली लावायची आणि त्याच्या वर आपण उभं राहायचं. मी जाहिरात लिहिली, "सरूबाईच्या पद्धतीची कलमं, आता जवळच." त्याच्या वेबसाइटवरही तेच शब्द घालून एक पानभर मजकूर लिहिला. मी मनाशी म्हटलं, मावशीला तरी गिऱ्हाइकं कुठं हवी आहेत. त्या दिवशी ते मला पटलंसुद्धा. त्या मालकाचं झाड मी एकदाही वाकून पाहिलं नाही.

चार वर्षं गेली. त्या वर्षी पाऊस फार झाला. नंतर एका सकाळी मावशीनं शेजारच्याकरवी मला फोन करून बोलावलं. तिच्या खाटेवर सौंसरचे एक निवृत्त शिक्षक बसले होते. नोकरीभर जमवून त्यांनी वावर घेतलं होतं आणि त्यात जाहिरात पाहून फोनवरून मागवलेली संत्र्याची कलमं लावली होती. अर्धी बाग डिंक्यानं गेली होती. ते मावशीला दोष द्यायला आले होते आणि इथं आल्यावर त्यांना कळलं, की ही ती नर्सरीच नव्हे. त्यांनी फोनमध्ये जपून ठेवलेला जाहिरातीचा फोटो पुढं केला. मावशीनं तो माझ्या हातात दिला.

"काय लिहून हाय, वाच."

मी माझंच वाक्य वाचलं. हे कोणं लावलं, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, कोणीही लावू शकतं, मावशी.

ती उठली आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून त्यांच्या वावरात गेली. मीही माझी गाडी काढून मागोमाग गेले. सत्तरीची बाई चिखलात गुडघ्यावर बसली आणि हातानंच एका खोडाभोवतीची माती उकरू लागली. डोळा मातीत गाडलेला होता. दुसऱ्या झाडाला तेच, तिसऱ्याला तेच. शिक्षक शेजारी वाकून पाहत होते. त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणला, पण मावशीनं हात न धुता तसंच सांगितलं, "माह्या नावानं घेतली ना तुम्ही? मंग माहीच हाय ती. पुढच्या पावसात माही कलमं घेऊन जा."

जाहिरात मी त्याच संध्याकाळी बंद केली होती, तो मजकूरही काढला होता, नर्सरीवाल्याला माणूस दुसरा पाहा म्हणून कळवलं होतं. तिसऱ्या दिवशी मोहगावला गेले आणि मावशीला सगळं सांगितलं. ती चाकूला धार लावत होती. ओरडली नाही, रडलीही नाही. चाकू बाजूला ठेवून तिनं एवढंच विचारलं, "कोण कोण गेलं तिकडं, हे तुमच्या मशीनीत असन ना?"

तुमच्या. मला तिनं कधी अहो-जाहो केलं नव्हतं. पोरी म्हणायची, तू म्हणायची. त्या दिवसापासून ती मला तुम्ही म्हणू लागली, बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला म्हणायची तसं.

जाहिरातीवरून नंबर देऊन गेलेल्यांची यादी माझ्याकडे होती. मी एकेकाला फोन लावला. काहींनी शिव्या दिल्या, काहींची झाडं चांगली होती, काहींनी वावरच विकलं होतं. ज्यांची बाग गेली होती त्यांची गावं मी मावशीला सांगत गेले. त्या हिवाळ्यात ती सकाळपासून ऊन उतरेपर्यंत डोळे बांधत बसायची. तिच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, दवाखान्याची तारीख तिनं दोनदा पुढं ढकलली. तिचा मुलगा नागपूरहून येऊन भांडून गेला, की लोकांच्या लबाडीचं तू काहून भरून राहिली. मी तिथंच पट्ट्या कापत होते. मावशीनं माझं नाव घेतलं नाही. तिनं घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पावसाळ्यात कलमं ज्याच्या त्याच्या गावी पोचली. त्यानंतर तिनं एकदाच मला आपणहून बोलावलं. चांगलं कलम कसं ओळखायचं ते फोनवर दाखवायचं होतं, म्हणजे लोक कुठूनही घेवोत, फसणार नाहीत. मी चित्रण केलं. ती कलमाच्या डोळ्याची जागा वितीनं मोजून दाखवत होती, तिच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी, आवाज स्वच्छ. खाली तुझं नाव टाकते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "नाव नका टाकू. नावानंच घोळ केला."

माघात ती गेली. मला दोन दिवसांनी कळलं, तेही बाजारात. घरच्यांनी कळवलं नाही आणि त्यात त्यांची चूक नव्हती. नर्सरी बंद असल्याचं पानावर टाका, एवढा निरोप मुलाकडून आला. मी ते टाकलं. दुसऱ्याच्या नावावरची कामं मी त्याआधीच सोडली होती, पण ते सांगायला आता कोणी उरलं नव्हतं.

हल्ली लोक टाइपसुद्धा करत नाहीत. फोनला तोंडानं विचारतात आणि फोनच उत्तर देतो, दहा दुकानं दाखवत नाही. गेल्या महिन्यात तिगावहून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा मला फोन आला. मोहगावातून कोणीतरी माझा नंबर दिला होता. सरूबाईची नर्सरी नागपूर रोडवर कुठं आली, असं ते विचारत होते. मी सांगितलं, की मावशी वारली, आणि तिची नर्सरी नागपूर रोडवर कधीच नव्हती. ते गोंधळले. म्हणाले, फोननं तर साफ सांगितलं, की सरूबाईच्या पद्धतीची कलमं तिथं भेटतात.

मी तो मजकूर कधीच काढला होता. पण तोवर तो कुठून कुठं उतरवला गेला होता, कोण जाणे. मशीननं तो वाचून ठेवला होता.

"मंग फोन खोटं बोलते का, बाई?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"फोन नाही, काका," मी म्हटलं. "ते मी लिहिलं होतं."