बोलायचं कुठे

बाई दमल्या होत्या, आणि कशाने दमल्या हे सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला हसू यायचं. कामाने नाही, आजाराने नाही. चारशे माणसांनी एकमेकांशी कुठे बोलावं हे ठरवता ठरवता त्यांच्या नाकी नऊ आले होते.

बाई नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल. बारा वर्षांपूर्वी पुस्तकांची देवघेव वहीत लिहून लिहून बोटं दुखायला लागली, तेव्हा कधीकाळी शिकलेलं प्रोग्रॅमिंग उकरून काढून त्यांनी एक सॉफ्टवेअर लिहिलं. कोणतं पुस्तक कोणी नेलं, कधी परत येणार, एवढंच ते सांगे. बाईंनी ते ओपन सोर्स म्हणून मोकळं सोडलं: कोणीही फुकट वापरा, आतलं उघडून बघा, जमलं तर सुधारा. बघता बघता चारशे लहान ग्रंथालयं ते वापरू लागली. एवढी माणसं जमल्यावर बोलणं आलं, आणि बोलण्यामागोमाग कटकटही आली.

काही जण ईमेलच्या यादीवर लिहीत. यादी म्हणजे एकाने पाठवलेली मेल सगळ्यांना जाते ती सोय. काही जण एका जुनाट चॅटवर बसत. उरलेल्यांनी फोनवर ग्रुप काढला होता. तोच प्रश्न तीन ठिकाणी यायचा आणि बाई तीनदा उत्तर द्यायच्या. चौथ्यांदा तो प्रश्न रागावून यायचा, की तीन दिवस झाले, इथे कोणी जिवंत आहे का?

"तुला ह्याचा पगार मिळतो का गं?" त्यांची थोरली बहीण विचारायची. ती कपडे शिवायची आणि मशीनवरून मान वर न करता बोलायची.

"नाही."

"मग शिव्या तरी कुठल्या पगारात खातेस?"

बाईंनी एक तक्ता केला. बाजारात असतील नसतील तेवढ्या चॅटच्या जागा आणि सूचना गोळा करायच्या जागा आडव्या ओळींत, आणि प्रत्येकीचे गुणदोष उभ्या रकान्यांत. जुनं बोलणं शोधता येतं का, आपल्या सर्व्हरवर ठेवता येतं का, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं का. ज्याने त्याने आपला एकेक रकाना घुसडला आणि रकाने चाळीसवर गेले. शेवटी बाईंनी मतदान घेतलं, तेही तिन्ही ठिकाणी. ईमेलवाल्यांनी ईमेलला मतं दिली, चॅटवाल्यांनी चॅटला, फोनवाल्यांनी फोनला. जिथे विचारावं तिथली जागा भरघोस मतांनी निवडून आली. ह्यात आपलंच चुकलं हे बाईंच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले, आणि लक्षात आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग मतं गेली खड्ड्यात म्हणून त्यांनी स्वतःच ठरवलं. बोलायला एक नवं चॅट आणि सूचनांसाठी एक फलक. फलकावर एकाच चौकटीत आपली मागणी लिहायची, बाकीच्यांनी पटली तर मत द्यायचं. जुनं सगळं बंद.

जीव फक्त एका माणसासाठी खालीवर होत होता. ईमेलच्या यादीवर एक काका होते. उभी हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली, निवृत्तीनंतर गल्लीतलं वाचनालय चालवायचे. सगळे त्यांना जुळारीकाका म्हणत. नव्या माणसाच्या प्रश्नाला गेली अकरा वर्षं काकाच उत्तर देत आले होते. एका बोटाने, एकेक अक्षर शोधून टाइप करत, पण उत्तर असं की परत विचारायची गरज पडू नये. बाई ह्या सगळ्यात टिकल्या त्या निम्म्या काकांच्या जोरावर, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काका, नव्या चॅटवर याल ना?" बाईंनी फोन करून विचारलं.

"येईन की. जागा बदलली म्हणून माणूस बदलतो का?"

काका आले, पण चॅटवर त्यांचा निभाव लागेना. ते उत्तर लिहीत असत तोवर गप्पा तीन विषय पुढे गेलेल्या असत. तिथे नकाशाच्या कचेरीतला एक जण होता, सगळे त्याला तुफान म्हणत. एक वाक्य चार तुकड्यांत पाठवायचा, आणि प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

दुसऱ्याच आठवड्यात एका नव्या बाईंनी विचारलं, "परत आलेली पुस्तकं अजून बाहेरच दाखवतंय. काय करू?"

"जुन्या नोंदी पुसा," तुफान.

"सगळ्या."

"मग परत चालू करा."

मग बोलणं भलतीकडेच गेलं. कोणी तरी विचारलं, जेवणं झाली का सगळ्यांची? आणि त्याच्या बरोब्बर खाली काकांचं उत्तर येऊन पडलं: "अजिबात पुसू नका. आधी कॉम्प्युटरची तारीख तपासा. ती मागे पडली असेल."

हशा पिकला. अकरा जणांनी हसरी तोंडं चिकटवली. 'काका, जेवणाची तारीख का?' असं एकाने लिहिलं.

तारीखच मागे पडली होती. पण तोवर त्या नव्या बाईंनी सहाशे नोंदी पुसून टाकल्या होत्या. आपल्या बाईंचा अख्खा रविवार त्या परत उभ्या करण्यात गेला. एरवी त्या चिडल्या असत्या, पण चिडायलाही अंगात त्राण लागतं. त्यांना नुसती लाज वाटत राहिली. काकांना हसणारी ती जागा त्यांनीच तर निवडली होती.

नऊ दिवस काकांचा पत्ता नव्हता. फोन लावला तो वाजून वाजून बंद झाला. मेलला उत्तर नाही. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, काका परत आले नाहीत तर आपणही हात झटकायचे. हे त्यांनी बहिणीला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मशीन थांबवलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

दहाव्या दिवशी दुपारी, ग्रंथालयात कोणी नसताना, बाई सूचनांचा फलक चाळत बसल्या. वर दोनशे मतांची मागणी होती, बटणाचा रंग बदला. अगदी तळाशी एक मागणी होती, तिला एकच मत, लिहिणाऱ्याचं स्वतःचं. 'तुम्हाला काय हवं आहे?' ह्या चौकटीत काकांनी लिहिलं होतं: "उत्तर लिहायला वेळ."

बाईंना ते वाचवेना. त्या उठून कपाटांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या, डोळे पुसून परत आल्या आणि चॅटच्या सेटिंग्जमध्ये शिरल्या. तिथे भांडणं शमवण्यासाठी ठेवलेली एक सोय होती. ती चालू केली की एकदा लिहिलेल्या माणसाला ठराविक मिनिटं पुन्हा लिहिता येत नाही. तक्त्याच्या चाळीस रकान्यांत तिला जागा मिळाली नव्हती. बाईंनी मदतीच्या खोलीत, म्हणजे चॅटवर प्रश्नोत्तरं चालत त्या कप्प्यात, ती चालू केली आणि मुदत घातली दहा मिनिटं. मग काकांना मेल केली: वेळ दिलाय, बघा.

बोंबाबोंब झाली. तीस जण त्याच संध्याकाळी सोडून गेले. तुफानने मात्र आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य एका दमात लिहिलं: "त्या दिवशी मी नीट न वाचता सांगितलं, चूक माझी होती."

दुसऱ्या दिवशी एका शाळेतून प्रश्न आला. एक उत्तर पडलं, अर्धवटच. मग खोली गप्प झाली, कारण विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही दहा मिनिटं पुढे लिहिता येत नव्हतं. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. आणि काकांचं उत्तर आलं, सबंध, स्वल्पविरामासकट, प्रश्नाच्या बरोबर खाली.

थोड्या वेळाने त्यांची एक मेल फक्त बाईंना आली.

"बाई, दहा मिनिटं फार होतात हो. एवढा काही मी म्हातारा झालो नाही. मला सात पुरतात."

बाई एकट्याच मोठ्याने हसल्या आणि त्यांनी दहाचे सात केले.