बिनबटणाचं गाव

यशोधराताईंकडे बटणांचा एक डबा आहे. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकण नीट न बसणारा. नवरा विलास गेवराईत बसस्टँडच्या मागे शिंपीकाम करतो, त्यामुळे घरात बटणांना कधी तोटा नव्हता. पण त्या डब्याला हात लावायची विलासलाही परवानगी नाही. एकदा त्याने गिऱ्हाइकाच्या कुडत्यासाठी त्यातली दोन काळी बटणं उचलली, तर ताईंनी दुकानात जाऊन, गिऱ्हाईक समोर उभं असताना, ती उसवून परत आणली. बाईचा स्वभावच तसा. एकदा काम हातात घेतलं की त्यात दुसऱ्याचं बोट खपायचं नाही. हा गुण म्हणायचा की खोड, हे पुढचं ऐकून ज्याचं त्याने ठरवावं.

ताई गावच्या आशा कार्यकर्त्या, सोळा वर्षांपासून. दिवाळी झाली की त्यांचं निम्मं गाव ऊस तोडायला निघून जायचं. पोटुशा बायाही जायच्या, कारण मजुरी कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर ठरते आणि बायको घरी ठेवली तर जोडी मोडते. या बायांचं तपासणीचं कार्ड घरच्या पेटीत राहायचं, नाहीतर फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत भिजून लगदा व्हायचं. तिकडे अवघडलेली बाई दवाखान्यात गेली की सोबत नवरा, आणि बायकोच्या अंगात रक्त किती हे त्याला काय कप्पाळ ठाऊक!

एकदा गावातल्याच एका बाईला तिकडे असं झालं आणि ती वाचली ती निव्वळ नशिबाने. तेव्हापासून ताईंच्या डोक्यात तो एकच विचार. उत्तर त्यांना दाराबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांत सापडलं. उसाचं पान अंग कापतं म्हणून फडात बाया साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. कार्ड हरवेल, पण सदरा अंगावरून हलत नाही. ताईंनी त्या सदऱ्याच्या खिशावर बटणं लावायला सुरुवात केली. लाल म्हणजे रक्त कमी. पिवळं म्हणजे आधीचं बाळंतपण सिझरचं. काळं म्हणजे बीपी. आणि कॉलरच्या आत मार्करने स्वतःचा मोबाइल नंबर.

पहिल्या वर्षी बायांनी खूप खिदळून घेतलं. एकीने विचारलं, "ताई, ह्येनं पोरगा व्हईन का?"

"जे व्हईन ते जितं व्हईन, येवढं बघ," ताई म्हणाल्या.

दुसरी म्हणाली, बटणापेक्षा दोराच मंतरून बांधा ना. तिच्यावर मात्र ताई खवळल्या. "गंडेदोरे माझ्या आजीनं छप्पन सालीच सोडलेत. मी तुला बांधू व्हय?"

चार हंगाम असे गेले. परमुलखातल्या नर्सबाया फोन करू लागल्या, "ताई, तुमचं पिवळं बटण आलंय." ताई इकडून वही काढून सगळं सांगायच्या. कुणी पाठ थोपटली नाही आणि ताईंनाही त्याची गरज वाटली नाही. ते दिवस चांगले होते, असं ताई आता म्हणतात.

मग सौरभ आला. गावचाच, बौद्धवाड्यातला, अंबाजोगाईला शिकून पुढे सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. केलेला. पोरगा हुशार आणि मनाने सरळ, पण तीन वर्षं कंत्राटावर घासून चेहरा पार उतरला होता. सरकारने नव्या संशोधकांसाठी एक योजना काढली होती: गावपातळीवर कुणी आरोग्याची नवी युक्ती काढली असेल, तर तरुण संशोधकाने त्या माणसासोबत अर्ज करायचा. पस्तिशीच्या आत. सौरभ चौतिशीत होता.

"ताई, तुमची बटणं अख्ख्या जिल्ह्यात जातील," तो म्हणाला. ताईंना कसं नको वाटेल?

अर्ज चोपन्न पानांचा झाला. मंजुरी आली तेव्हा सौरभच्या आईने वाड्यात पेढे वाटले. आणि मग एका दुपारी सौरभ बारा गावांच्या चिठ्ठ्या घेऊन आला. सहा गावं बटणाची, सहा बिनबटणाची. हंगाम संपल्यावर दोन्हींची तुलना करायची.

"निम्म्यांला द्यायचं आन निम्म्यांला न्हाई, ह्ये कोणतं शास्त्र रे?"

"ताई, पुरावा नसेल तर पुढच्या साली सरकार एक बटण देणार न्हाई. गोळ्या, तपासणी, कार्ड सगळ्यांलाच हाय की. बटण तेवढं सहा गावांला एक साल न्हाई. मग सगळ्यांला. आन ताई, एक हात जोडून सांगतो. यादीबाहेर एकबी बटण लावू नका. एक जरी लागलं तरी सगळं पाण्यात जाईल. माझंबी आन तुमचंबी."

ताई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. पण सौरभचा तो उतरलेला चेहरा, आणि अख्ख्या जिल्ह्याचं ते स्वप्न. त्यांनी चिठ्ठ्या उचलल्या. ओढ्यापलीकडची वाडी बिनबटणाच्या ढिगात गेली.

दिवाळीच्या तोंडावर त्या वाडीची एक सून ओढा ओलांडून ताईंकडे आली. वैष्णवी तिचं नाव. वय एकवीस, पहिलटकरीण, पाचवा महिना. नवऱ्याचा, आदिनाथचा, निळ्या चौकड्यांचा सदरा तिने घडी करून पदराखाली आणला होता.

"ताई, माझं रक्त सात हाय म्हणं. मला बी लाल बटण लावा की."

"तुझं गाव यंदा यादीत न्हाई गं. पुढल्या साली लावते."

"पुढल्या साली कशाला लागंल मला? लेकरू तर यंदा हाय." ती हसून म्हणाली. मग डब्याकडे बघत तिने पुन्हा विचारलं, "आमालाच कावून न्हाई?"

ताईंनी तिला चहा पाजला. गोळ्या नेमाने घे, कार्ड प्लास्टिकमध्ये बांधून ने, असं दहादा बजावलं. डब्याचं झाकण मात्र उघडलं नाही. एका बटणाला किती वेळ लागतो? चार टाके आणि एक गाठ. ताईंना ते चार टाके आजही झोपू देत नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ताई पोलिओच्या बूथवर होत्या. रांगेत पोरांची रडारड चाललेली, आणि फोन वाजला. ऊसपट्ट्यातल्या एका छोट्या दवाखान्याची नर्स होती. योजनेतून पाठवलेला बटणांचा तक्ता तिच्या भिंतीवर होता, त्यावर ताईंचा नंबर.

"ताई, एक बाई कळा घेऊन आलीये, कार्ड झोपडीत राहिलंय, तिला बोलवत नाही आणि नवऱ्याला काही ठाऊक नाही. सदऱ्यावर लाल बटण आहे, पण कॉलरमध्ये नंबर नाही. बटण पण वेगळंच दिसतंय, फुलासारखं. तुमचंच ना?"

"नाव काय?"

"वैष्णवी आदिनाथ."

नाव कानावरून गेल्यासारखं वाटलं. पण ताईंनी पिशवीतली यादी काढली, वरून खाली बोट फिरवलं. नाव नव्हतं. डोक्यात आलं ते वेगळंच: यादीबाहेर कुणी बटण लावलं? सौरभला कळलं तर? आपल्यावरच येणार सगळं. त्या घाईघाईने बोलून गेल्या, "न्हाई न्हाई, ते आमचं न्हाई. साधं बटण असंल कपड्याचं."

"बरं," नर्स म्हणाली आणि फोन ठेवला.

नियम असा होता, की लाल बटण दिसलं तर बाईला तिथे ठेवायचंच नाही, रक्तपेढी असलेल्या मोठ्या दवाखान्यात थेट पाठवायचं. बटण 'साधं' ठरलं, म्हणून वैष्णवीला तिथेच ठेवून घेतलं.

तासाभराने बूथवर एक लेकरू निळ्या चौकड्यांचा अंगरखा घालून आलं. ताईंना पदराखाली सदरा घेऊन आलेली ती वाडीची सून आठवली. त्यांनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. नर्सने उचलला तेव्हा गाडी वैष्णवीला घेऊन निघालेली होती, चादरी भिजवत.

वैष्णवी जगली. लेकरू गेलं, आणि रक्त थांबेना म्हणून गर्भाची पिशवी काढावी लागली. एकविसाव्या वर्षी.

ते फुलाचं बटण तिने स्वतःच लावलं होतं. बाळासाठी घेतलेल्या झबल्याचं. कोपीच्या शेजारी बटणाच्या गावच्या बाया होत्या. त्यांच्याकडून तिने जागा समजून घेतली, खिशावर, डावीकडे, लाल म्हणजे रक्त कमी. तिचं काहीही चुकलं नव्हतं. चुकलं ते ताईंचं, आणि ताई ते कुणापुढेही झाकत नाहीत. मात्र जिथे सांगायचं तिथेच त्यांची जीभ उचलली नाही.

पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, माणसं गावी परतली, तसा सौरभ अहवाल घेऊन आला. बटणाच्या गावांत एवढ्या बाया वेळेत पोचल्या, बिनबटणाच्या गावांत एवढ्या नाही. फरक चांगला दिसत होता. ताईंनी विचारलं, "वैष्णवी कुठं धरली?"

"बिनबटणाच्या गावात."

"पण तिला बटण व्हतं की."

सौरभने अहवालाचं पान उलटलं. मग म्हणाला, "ते तुम्ही लावलेलं नव्हतं, ताई. चिठ्ठीत जे गाव जिथं आलं तिथंच माणूस मोजायचं, असा नियम हाय."

"आन मी फोनवर काय बोलले, ते?"

"ते लिहायला रकाना न्हाई." त्याने मान वर केली नाही. त्या दिवशी पोरगा चहा न पिताच गेला.

म्हणजे वैष्णवीची पिशवी बटणांच्या बाजूने पुरावा म्हणून जमा झाली. योजनेला तीन वर्षं वाढवून मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रम झाला, ताईंना शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. घरून निघताना त्यांनी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं. माइकसमोर उभ्या राहिल्या, पहिल्या रांगेत सौरभ आणि त्याची आई दिसली, आणि त्या "सगळ्यांचे आभार" एवढंच म्हणून खाली बसल्या. शाल घडी न मोडता पेटीत पडली आहे.

यंदा दिवाळीआधी बाराही गावांच्या बाया ताईंच्या ओसरीवर रांगेने बसल्या होत्या. बटणं आता सरकारी खोक्यातून येतात, एका मापाची, एका रंगाची. ताईंचा पत्र्याचा डबा मागे फळीवर. दुपार कलल्यावर रांगेत वैष्णवी दिसली आणि ताईंच्या हातातली सुई बोटात गेली.

तिच्यासोबत एक पोरगी होती, तिची धाकटी जाऊ, सहा महिन्यांची पोटुशी. वैष्णवीने पदराखालून तो निळ्या चौकड्यांचा सदरा काढला. खिशावर फुलाचं लाल बटण तसंच होतं.

"मी कोयत्यावर चाललेच हाय, ताई. पण मला ह्ये आता कशाला लागतंय?" तिने दाताने दोरा तोडून बटण उसवलं आणि ताईंच्या तळहातावर ठेवलं. "हिचं रक्त बी कमीच हाय. हिच्या सदऱ्याला ह्येच लावा."

"सरकारी लावते की, नवं हाय," ताईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"ह्येच लावा," वैष्णवी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर ताईंना बरं वाटलं असतं. "आन फोन आला तर म्हणा, आमचंच हाय."

ताईंनी सुई उचलली. डोळे भरून आल्याने दोरा काही ओवता येईना. वैष्णवीने त्यांच्या हातून सुई घेतली, दोरा ओवला, टोकाला गाठ मारून परत दिली आणि जावेचा सदरा त्यांच्या मांडीवर पसरला. ताईंनी चार टाके घातले.